तळेगावच्या बाजूचं असिस्टेड लिव्हिंग : दिवसाला फुल मार्क, रात्रीचं मात्र विचारून घ्या

नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते, कारण आई अजून तिथेच राहते आणि तिथल्या मॅनेजर मॅडम सगळे रिव्ह्यू वाचतात. तळेगाव दाभाडेच्या बाजूला आहे एवढं पुरे. हायवेपासून जरा आत, तीन मजले, पुढे बाग, बागेत गणपतीचं छोटं देऊळ, रिसेप्शनला एसी आणि भिंतीवर आजी-आजोबांचे दांडिया खेळतानाचे फोटो. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा नवरा म्हणाला, आपणच राहूया इथे, आईंना डोंबिवलीला ठेवू.

आई ८२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. डोकं इतकं तल्लख की अजून पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेनाने गोल करते. पण गुडघे गेलेत, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे आणि त्यात पार्किन्सन्स. ज्यांच्या घरात आहे त्यांना माहितीये, चालता चालता मधेच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात तर हमखास, आणि मग तोल जातो. नव्या पेठेत एकटी राहायची, बाया पुरवणाऱ्या ब्यूरोची २४ तासांची बाई असायची. बाई चांगली मिळाली की तिच्या गावाला कोणीतरी आजारी पडायचं, दिवाळीला गेली की परत यायची नाही, मग ब्यूरोवाला बदली म्हणून जी पाठवायचा तिला आईला उठवता पण यायचं नाही. भाऊ न्यू जर्सीत, मी डोंबिवलीत, घरात सासूबाई आहेत त्या पण ७९ च्या. तर अशी सगळी परिस्थिती, तुमच्याकडे पण थोड्याफार फरकाने अशीच असेल म्हणून तर हे वाचताय.

एक गोष्ट आधी क्लिअर करते, कारण आम्ही जागा बघायला लागलो तेव्हा यातच खूप वेळ गेला. लोक वृद्धाश्रम, सीनियर लिव्हिंग आणि असिस्टेड लिव्हिंग सगळं एकाच दमात बोलतात. सीनियर लिव्हिंग म्हणजे पुण्यातल्या अथश्री सोसायट्यांसारखं, फ्लॅट घ्यायचा किंवा भाड्याने राहायचं, स्वतःचं स्वतः करणारी माणसं, सोबतीला मेस, कार्यक्रम, इमर्जन्सी बेल वगैरे. असिस्टेड म्हणजे हाताखाली माणूस लागतोच अशांसाठी, आंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, उठबस, औषधं. आणि त्याच्या पुढचं म्हणजे पूर्ण बेडरिडन, नाकात नळी, लघवीची नळी (कॅथेटर), त्याला नर्सिंग केअर लागतं. सेल्सवाला सांगतो की मॅडम आमच्याकडे सगळं होतं. होत नाही. आमच्या इथे नाकात नळी असलेला पेशंट घेत नाहीत, हे अ‍ॅग्रीमेंटच्या अकराव्या पानावर होतं, टूर देताना कोणी बोललं नव्हतं. म्हणजे उद्या आईची तब्येत तिथपर्यंत गेली तर आपल्याला दुसरी जागा शोधायची, ज्या वेळी शोधायची ताकद सगळ्यात कमी असते त्या वेळी. हा पहिला मायनस आणि तो मोठा आहे.

आता प्लस. सगळ्यात मोठा प्लस बागेचा नाही, देवळाचा नाही, भजनाचा तर नाहीच (आईला भजन आवडत नाही, ती त्या वेळेला सुडोकू घेऊन बसते). प्लस आहे औषधाच्या वेळेचा. पार्किन्सन्सला सिंडोपा नावाची गोळी असते ती वेळेवरच लागते, अर्धा तास इकडेतिकडे झाला की माणूस अक्षरशः अडकतो, आणि जेवणाच्या आधी अर्धा तास तरी घ्यायची, कारण डाळ, दूध, पनीर असं प्रोटीनचं खाणं बरोबर पोटात गेलं की गोळी नीट लागू पडत नाही. हे घरच्या बाईला मी कितीदा सांगितलं, फ्रिजवर चिकटवलं, अलार्म लावून दिले. ती बिचारी दुधाबरोबर गोळी द्यायची कारण तिच्या मते रिकाम्या पोटी औषध देणं पाप. इथे सिस्टर ट्रे घेऊन येते, ७, ११, ३, ७, चार्टवर सही करते, आई घड्याळ बघूनच बसलेली असते आणि पाच मिनिटं उशीर झाला तर मास्तरीणबाई सिस्टरला ऐकवतात. तिथे गेल्यावर महिन्याभरात आई वॉकर घेऊन जेवणाच्या हॉलपर्यंत चालायला लागली. डॉक्टर तेच, गोळ्या त्याच, डोसपण तोच, फक्त वेळेवर. मला हे बघून आनंद पण झाला आणि ब्यूरोला भरलेले पैसे आठवून चिडचिड पण झाली.

इन्सुलिनचं पण तसंच. आधी शुगर चेक, मग इंजेक्शन, मग वीस मिनिटांत नाश्ता समोर. रजिस्टर असतं, आपण कधीही मागू शकतो आणि मी मागते. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मॅनेजर मॅडमचा चेहरा जरा उतरला होता, आता सवय झाली त्यांना.

फिजिओवाला मुलगा आठवड्यातून तीनदा येतो, त्याचे पैसे वेगळे, पण मुलगा हुशार आहे. पाय अडकला की आईला जमिनीवर एक काल्पनिक रेघ बघायला सांगतो, ती ओलांडायची, किंवा मोठ्याने एक दोन एक दोन म्हणायचं. जेवणाच्या हॉलच्या दारात फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून घेतली त्याने मॅनेजमेंटच्या मागे लागून. आई तिथे थांबते, पट्टी बघते, पाय उचलते आणि जाते. आता त्या पट्टीवरून चालायला अजून दोन आजोबा आणि एक काकू रांगेत असतात. असल्या गोष्टी ब्रोशरमध्ये नसतात.

आता मेन मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले. या जागा आपण सगळे दिवसा बघतो. शनिवारी सकाळी अकराला जायचं, चहा, टूर, बागेत ऊन खात बसलेली माणसं, कॅरम चालू, किचनमधून फोडणीचा वास. सगळं खरं असतं, खोटं काही नसतं त्यात. पण आईसारख्या पेशंटचा त्रास रात्रीचा आहे. रात्री गोळीचा असर उतरतो, कूस बदलता येत नाही, बाथरूमला दोन-तीनदा जावं लागतं आणि पडायची भीती सगळ्यात जास्त तेव्हाच. म्हणजे आपण महिन्याचे पैसे भरतो ते खरं तर रात्री दहा ते सकाळी सहाचे, आणि त्याच वेळेचं कोणी काही दाखवत नाही.

माझ्या हे लक्षात आलं कारण मी एक रात्र तिथे राहिले. गेस्ट रूम मिळते, जेवणासकट हजार रुपये, पण मी गेस्ट रूममध्ये न झोपता आईच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपले. रात्री दोनच्या सुमाराला आईला बाथरूमला जायचं होतं, मी उठायला लागले तर म्हणाली, तू पड गं, बेल दाबते, बघू किती वेळात येतात ते. तिला माहिती होतं सगळं, मला सांगत नव्हती. बेल दाबली, बाहेर लाल दिवा लागला, टूं टूं सुरू झालं आणि आम्ही दोघी गप्प बसून घड्याळ बघतोय. चौदा मिनिटं. चौदा मिनिटांनी एक पोरगी धावत आली, नांदेडकडची, वय असेल बावीस-तेवीस, हातात ग्लोव्ह्ज तसेच. कॉरिडॉरच्या त्या टोकाला एका आजोबांचं डायपर बदलत होती, त्यांना तसंच अर्धवट सोडून कशी येणार. तिची काही चूक नव्हती. मजल्यावर चोवीस माणसं आणि रात्री अटेंडंट दोन, त्यातली एक अर्धा तास खाली गेलेली, सिस्टर तीन मजल्यांना मिळून एक. दिवसा त्याच मजल्यावर पाच जण असतात.

चौदा मिनिटं पार्किन्सन्सवाली बाई वाट बघत नाही हो. ती स्वतः उठायला जाते. आणि पडते. आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं तुम्हाला माहितीये.

सकाळी मी ऑफिसमध्ये जाऊन बसले. पहिलं उत्तर मिळालं की मॅडम त्या रात्री एक स्टाफ रजेवर होता. बरं, मग रोस्टर दाखवा म्हटलं, ते दाखवेनात. दुसरं उत्तर, तुम्ही नाइट स्पेशल अटेंडंट घ्या, महिन्याला १२ हजार एक्स्ट्रा. म्हणजे जे अ‍ॅग्रीमेंटमध्ये चोवीस तास केअर म्हणून लिहिलंय तेच परत विकत घ्यायचं. मी सगळं मेलवर लिहून पाठवलं, भावालाही सीसी केलं. अमेरिकेतल्या माणसाला सीसी केलं की का कोण जाणे उत्तरं लवकर येतात. शेवटी तोडगा निघाला तो फुकटचा निघाला, आईची खोली नर्सिंग स्टेशनच्या समोर शिफ्ट केली. आता बेलला तीन-चार मिनिटांत माणूस येतो, कधी त्याआधीच, कारण दार उघडंच दिसतं. बदल्यात बागेकडची खिडकी गेली. मला वाटलं आई कुरकुरेल, तर म्हणाली, बाग रात्री दिसते का मला?

आणि त्या फिजिओवाल्या मुलाने अजून एक सांगितलं ते इथे लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. चादरीवर मधल्या भागात आडवं सॅटिनचं कापड घालायचं, कंबरेपासून मांडीपर्यंत येईल इतकं, म्हणजे कूस वळताना अंग सरकतं, जाड कॉटनच्या चादरीवर गाऊन अडकून बसतो. मी लक्ष्मी रोडवरून दीड मीटर घेऊन आले. निम्म्या वेळा आई आता स्वतःची स्वतः वळते. (पायाकडे सॅटिन नको, टाच रेटायला पकड लागते.)

इमारतीबद्दल थोडं. रॅम्प आहे, लिफ्टमध्ये स्ट्रेचर जातो, कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी रेलिंग, संडासाजवळ ग्रॅब बार आहेत आणि ते हलत नाहीत (हलवून बघा, एका दुसऱ्या ठिकाणी माझ्या हातात आला होता). पण बाथरूमचा दरवाजा अरुंद. मी मेजर टेप घेऊन गेले होते, नवरा लाजेने बागेत जाऊन उभा राहिला. दार निघालं २८ इंच. व्हीलचेअर जाते पण जाताना हाताची सालं निघतात, अटेंडंटला बाजूला उभं राहायला जागाच नाही. महारेराने (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये सीनियर सिटिझन हाउसिंगसाठी नियम काढले, त्यात दरवाजा किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच, रॅम्प, ग्रॅब बार, न घसरणारी फरशी असं सगळं आहे. पण ते नियम फ्लॅट विकणाऱ्या प्रोजेक्टना. आपण जिथे महिन्याच्या भाड्यावर बेड घेतो तिथे ते लागत नाहीत, त्यामुळे टेप आपली आपणच न्यायची.

पैशाचं आता, कारण सगळे इनबॉक्समध्ये तेच विचारतात. सिंगल रूम ४६ हजार, शेअरिंग ३४ हजार, डिपॉझिट २ लाख, दर वर्षी ८ टक्के वाढ. हे झालं बोर्डावरचं. वर डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलला सोबत माणूस पाठवला तर त्याचे, केस कापायचे, फोनचा रिचार्ज, असं धरून आमचे ५७ ते ६० हजार जातात. घरी असताना ब्यूरोची बाई २७ हजार, स्वयंपाकाच्या काकू ७, फिजिओ घरी येऊन ८ च्या वर, म्हणजे ४२ हजार इथेच, शिवाय किराणा, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि त्या बाईचं जेवणखाण. फरक वाटतो तेवढा नाही. उलट नव्या पेठेतला फ्लॅट भाड्याने गेला, २२ हजार येतात. आईची पेन्शन आहे, आणि तिचे सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाख आहेत, तेवढीच वरची लिमिट आहे, त्याचे ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात. सगळं मिळून तिचं तिला पुरतं. भाऊ पाठवतो म्हणाला होता, आईने नाही सांगितलं. कोणी विचारलं की ती मुद्दाम सांगते, मी माझ्या पैशाने राहते इथे. ज्यांच्याकडे पेन्शन नाही, फ्लॅट नाही त्यांना हे परवडणारं नाही, हे पण खरंच आहे, आणि त्यांच्यासाठी मधल्या दरातलं फारसं काही नाही ही आपल्याकडची मोठीच अडचण आहे.

मेडिक्लेममधून हे पैसे मिळत नाहीत, विचारू नका, मी भांडून झालेय. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, कमाई कितीही असो, ते मात्र काढून ठेवा, पण ते हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालं तर, राहण्याखाण्याला नाही.

बिलात एक गंमत आहे तिकडे लक्ष ठेवा. अ‍ॅडमिशनच्या वेळी ते माणसाची असेसमेंट करतात, आंघोळ स्वतः करते का, कपडे घालते का, संडासला जाते का, खुर्चीतून उठते का, शी-शूवर कंट्रोल आहे का, स्वतःच्या हाताने जेवते का. त्यावरून केअर लेव्हल ठरते आणि लेव्हलवरून दर. आईला पावसाळ्यात व्हायरल झाला, आठवडाभर झोपूनच होती, त्या आठवड्यात कोणीतरी येऊन नवीन असेसमेंट केली आणि पुढच्या बिलात लेव्हल दोन, ९ हजार जास्त. बरी झाल्यावर लेव्हल खाली आणायला मात्र कोणी आपणहून आलं नाही. मी मागे लागून करून घेतली, त्यात एक महिना गेला आणि त्या महिन्याचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून असेसमेंट घरच्या माणसासमोरच करायची आणि माणूस बरा झाल्यावर परत करायची, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये हाताने लिहून घ्या. लिहून देतात, मागितलं तर.

जेवण. स्वच्छ, गरम, वेळेवर आणि कमालीचं बोअर. दुधी, पडवळ, दोडका, परत दुधी. तिखट नाही, कारण कोणाला अल्सर, मीठ कमी, कारण कोणाला बीपी, म्हणजे सगळ्यांच्या दुखण्यांची बेरीज करून एक भाजी होते. आई म्हणते, ताटात डोळे मिटून हात घातला तरी काय लागेल ते सांगता येतं. गुरुवारी पिठलं-भाकरी असते त्या दिवशी हॉल भरलेला असतो, इतर वेळी खोलीत ताट मागवणारे पण त्या दिवशी खाली येतात. मी लसणाची चटणी आणि मेतकूट नेऊन देते, ते चालतं, लोणचं मात्र सिस्टर काढून ठेवते. बाकी चव वगैरे सोडून देऊ, माझी तक्रार वेळेची आहे. रात्रीचं जेवण साडेसातला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला. तेरा तास. इन्सुलिनवाल्या माणसाला तेरा तास पोट रिकामं म्हणजे पहाटे शुगर खाली जायची भीती. किचन लवकर बंद करायचं असतं म्हणून हे, दुसरं काही कारण नाही. डॉक्टरांकडून लिहून आणलं तेव्हा झोपताना अर्धा कप दूध आणि दोन मारी सुरू झाली, फक्त आईला. मग शेजारच्या खोलीतल्या काकूंनी पण त्यांच्या मुलाला सांगून लिहून आणवलं, आता मजल्यावर बऱ्याच जणांना मिळतं.

कपडे हरवतात. हे गृहीतच धरा. सगळ्या आज्यांचे गाऊन फुलाफुलांचे, लाँड्रीतून परत येताना कुठलं फूल कोणाचं कळत नाही. आतल्या शिवणीवर लाल दोऱ्याने नाव घाला, मार्कर चार धुण्यांत जातो. आईची कवळी एकदा जेवणाच्या नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेली, ती नॅपकिनसकट लाँड्रीला गेली. मशिनमधून निघाली, धडधाकट, तेव्हापासून आई सांगते माझे दात एरियलने धुतलेत. कानाचं मशीन हरवलं तर मात्र हसण्यावारी नेता येत नाही, त्याला दोरीवाली क्लिप लावा.

स्टाफ. मुली चांगल्या आहेत, मनापासून करतात, पण टिकत नाहीत. लातूर, नांदेड, परभणीकडच्या बऱ्याच, सहा महिन्यांचा अटेंडंटचा कोर्स करून आलेल्या, बारा तासांची ड्युटी, तिथेच राहायचं. पगार किती मिळतो ते एकीने सांगितलं, आपण किती भरतो आणि तिच्या हातात किती पडतं याचा हिशोब मांडला तर जेवण जात नाही. मग दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की जातात, का नाही जाणार. पण आईच्या बाजूने बघितलं तर दर तीन-चार महिन्यांनी नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगायचं, डावा हात आधी, ओढायचं नाही, मी एक दोन म्हणेपर्यंत थांब. आईने आता एका वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात सूचना लिहून ठेवल्यात, क्रमांक घालून, नवीन मुलगी आली की तिला मोठ्याने वाचायला लावते. एक मुलगी वाचताना अडखळली तर तिची रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. ती मुलगी अजून टिकून आहे, एवढं सांगते.

सोबतीचं म्हणाल तर मिश्र आहे. टूरच्या वेळी सांगतात की इथे नवीन मैत्रिणी मिळतात. मिळतात, पण मजल्यावरच्या चोवीस जणांपैकी निम्म्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. डिमेन्शियासाठी वरचा मजला वेगळा आहे म्हणतात, तो भरलेला असतो, मग सुरुवातीची स्टेज आहे असं म्हणून खाली ठेवतात. संध्याकाळ झाली की त्यातल्या काहींची घालमेल सुरू होते, एक काकू रोज साडेसहाला पर्स घेऊन दारात उभ्या राहतात, रिक्षा बोलवा म्हणतात, मुलं शाळेतून यायची वेळ झाली. पहिल्या पहिल्यांदा आई त्यांना समजवायला जायची आणि रडवेली होऊन मला फोन करायची. आता ती त्यांना सांगते, रिक्षावाला चहा पितोय, तोपर्यंत बसा. त्या बसतात. पण ज्याचं डोकं शाबूत आहे त्याला हे रोज बघणं जड जातं, याचा कोणी विचार करत नाही. गप्पा मारण्यासारखी माणसं आईला मोजून तिघं मिळाली, एक रेल्वेतले आजोबा, एक बँकेतल्या मॅडम आणि एक माजी नगरसेवक ज्यांच्याशी ती फक्त भांडते. तिघं पण पुष्कळ झाली म्हणते, नव्या पेठेत तर टीव्ही आणि बाई दोघंच होते.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक. अ‍ॅडमिशनच्या आठवड्यातच त्यांच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून विचारलं, सिरियस झालात तर आयसीयूत न्यायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का. मला आवंढा आला, आईने मात्र शांतपणे एकेक उत्तर दिलं, जसं काही बदलीचा फॉर्म भरतेय. आपल्याकडे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं) मान्य केलंय आणि २०२३ ला प्रोसिजर पण सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, आधीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जायला लागत नाही. ते सगळं त्यांनी करून घेतलं, एक कॉपी फाइलला, एक आमच्याकडे. कुठलीच जागा हा विषय आपणहून काढत नाही, यांनी काढला. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला पण तिथेच मोबाइलवर चेहरा दाखवून करून देतात, बँकेत व्हीलचेअर घेऊन जायची कटकट गेली.

नातेवाईक बोलतात. बोलणारच. मामा म्हणाला, टाकलीत ना शेवटी ताईला. हा मामा वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचा आणि बाई जेवण बरं करते का विचारून जायचा. आईनेच त्याला फोनवर सांगितलं की ये आणि राहा चार दिवस, गेस्ट रूम हजार रुपये, पिठलं गुरुवारी.

कोणासाठी चांगली आहे जागा, तर ज्याचं डोकं ठीक आहे, औषधांच्या वेळा कडक आहेत, शरीर साथ देत नाही आणि ज्याच्या घरचं कोणीतरी दोन तासांच्या अंतरावर आहे. हे शेवटचं सोडू नका. ज्यांचे सगळे परदेशात आहेत त्यांच्याकडे रजिस्टर कोण मागणार, असेसमेंटला कोण उभं राहणार. तिथल्या काहींची मुलं व्हिडिओ कॉलवर टॅबमधून बघतात, टॅबमध्ये चेहरा दिसतो, टाचेला पडलेला लाल चट्टा दिसत नाही. पूर्ण बेडरिडन असेल किंवा डिमेन्शिया पुढचा असेल तर इथे नका ठेवू, त्यांच्याच्याने होत नाही आणि ते तसं कबूल करत नाहीत.

बघायला जायचं असेल तर रात्री आठनंतर जा, अपॉइंटमेंट न घेता. आत सोडलं नाही तरी बाहेरून खिडक्या बघा, दिवे, बेलचा आवाज किती वेळ वाजतो, सगळं कळतं. रात्रीच्या स्टाफचं रोस्टर लेखी मागा. डिपॉझिट आधी भरू नका, पहिला महिना ट्रायल म्हणून राहता येतं, फक्त ते तसं आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि रूम घेताना पश्चिमेकडची घेऊ नका. ती ३ हजारांनी स्वस्त आहे, सेल्सवाला सांगतो संध्याकाळचं छान ऊन येतं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळेगावचा पाऊस सरळ त्याच भिंतीवर येतो, कपाटातल्या गाद्यांना बुरशी धरते आणि गाऊन तीन-तीन दिवस वाळत नाहीत.